डाळिंबसालीचा पिवळा

फोन आला तेव्हा फौजदार चादरींच्या गठ्ठ्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होती.

‘‘तुमच्या चादरींना वास यायला लागलाय,’’ मोठ्या सिस्टर म्हणाल्या. इस्पितळातल्या त्वचारोगाच्या वॉर्डाच्या त्या प्रमुख. आवाजात राग नव्हता, आणि तेच जास्त टोचलं. ‘‘आधी तीन दिवस चादर बदलली नाही तरी कुबट वास येत नसे. गेल्या काही महिन्यांतल्या चादरींना दुसऱ्याच दिवशी सकाळी येतो. आमच्या धुण्यात काही फरक नाही. तुमच्याकडे काही बदललंय का?’’

‘‘नाही,’’ ती म्हणाली, आणि म्हणून झाल्यावर तिला वाटलं, आपण फार पटकन बोललो.

फौजदार हे तिचं खरं नाव नव्हे. लहानपणी बिस्किटांच्या डब्यातलं एक बिस्कीट कमी झालं तरी ती घरातल्या प्रत्येकाची बोटं हुंगून बघायची, तेव्हा अण्णांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, हे नाव ठेवलं. पुढे ती तिशी ओलांडून गेली, पण नाव काही सुटलं नाही. आता अण्णांच्या रंगकामात कापडाची तपासणी आणि बांधाबांध तिच्याकडे होती, त्यामुळे नाव शोभतंय असंच सगळे म्हणत.

घराच्या मागे लांबट शेड होती. तिच्या एका टोकाला रंगघर, मधे वाळवणाच्या तारा, दुसऱ्या टोकाला फौजदारची तपासणीची खोली. रंगघरात स्टीलच्या चार मोठ्या कढया. डाळिंबाच्या वाळलेल्या साली रात्रभर भिजवायच्या, सकाळी उकळून काढा करायचा, तुरटीच्या पाण्यातून काढलेलं सुती कापड त्यात दीड तास फिरवायचं. कापडाला मधासारखा पिवळा रंग चढे. पण इस्पितळाला रंगाशी देणंघेणं नव्हतं. सालीतला जो तुरटपणा कापडात उतरतो तो जंतूंना वाढू देत नाही, म्हणून ते या चादरी घेत. अण्णा रंगघरात साधा खिळासुद्धा आणू देत नसत, कारण लोखंड लागलं की हा पिवळा काळवंडतो. तीस वर्षं ते नुसत्या डोळ्यांनी रंग जोखत आले होते. कापड काठीवर उचलून खिडकीपाशी धरायचं आणि म्हणायचं, ‘‘आला.’’ आला म्हणजे आला.

फोन ठेवून फौजदारने तपासणीची फाईल काढली. दर दोन महिन्यांनी बाहेरच्या प्रयोगशाळेत कापडाचा तुकडा जाई. तिथे त्यावर जंतू सोडत आणि दिवसभराने किती मेले ते मोजत. शेवटचे चार अहवाल उत्तम होते: एक्याण्णव टक्के, नव्वद, ब्याण्णव, एक्याण्णव. मग वास कसला?

तिने अहवालांच्या खालची सही पाहिली. नमुना पाठवणाऱ्याची. चारही ठिकाणी वहिनीची होती; प्रयोगशाळेचं काम तिला ठाऊक, म्हणून नमुने तीच पाठवायची.

तिच्या मनात पाल चुकचुकली.

दादाचं लग्न होऊन वहिनी घरात आली त्याला दहा महिने झाले होते. त्याआधी ती एका मोठ्या गिरणीत सहा वर्षं रंगांच्या प्रयोगशाळेत होती. तिथे सगळे रंग पुड्यांतले, रसायनांचे. सोबत तिने एक नाजूक वजनकाटा आणला होता आणि ती हळद-मीठसुद्धा ग्रॅममध्ये मोजायची. पहिल्या दिवशी तिने फौजदारला थट्टेने ‘‘वन्सं’’ म्हटलं, आणि मग तेच राहिलं. फौजदारला ते आवडलंही नव्हतं आणि नको म्हणावंसंही वाटलं नव्हतं.

ती आल्यावर दोन महिन्यांत एक गोष्ट घडली होती. अण्णांचा एक अख्खा माल परत आला. रंग फार गडद, चादरी तपकिरी दिसतात, असं खरेदीवाल्यांनी कळवलं. तीस वर्षांत पहिल्यांदा. अण्णा दोन दिवस जेवायला नीट बसले नाहीत. त्यानंतर मात्र जादू झाल्यासारखा प्रत्येक माल एकसारखा येऊ लागला. या आठवड्याचा कापडाचा ताका आणि गेल्या महिन्याचा ताका शेजारी ठेवले तर कुठला कोणता ते सांगता येत नव्हतं. ‘‘वहिनीच्या काट्याची किमया,’’ दादा म्हणायचा. फौजदारलाही तेव्हा बरं वाटलं होतं. आता तिला वाटायला लागलं, झाडाची साल कधी इतकी शहाण्यासारखी वागते का? एका बागेतली साल दुसऱ्या बागेतल्या सालीसारखी नसते. ओली आलेली, जुनी झालेली, पातळ, जाड. रंग थोडा इकडे तिकडे व्हायलाच हवा.

दुपारी ती कोठारात गेली. सालींची पोती मोजली. एकवीस. एवढी कधीच नसत. दादा गाडीत चादरी भरत होता. तिने सहज विचारल्यासारखं विचारलं, ‘‘साल जास्त मागवलीस का रे?’’

‘‘उलट कमी मागवतोय. तुझ्या वहिनीनेच सांगितलं, दोन महिने नवीन नको म्हणून. आहे तीच संपत नाहीये.’’

‘‘का संपत नाहीये?’’

‘‘मला काय माहीत? मी गाडी चालवतो.’’ मग तिच्याकडे बघून तो हसला. ‘‘झाली का चौकशी सुरू?’’

ती हसली नाही.

दुसऱ्या दिवशी ती काहीतरी निमित्त काढून रंगघराकडे गेली. दार आतून लावलेलं. हे दार आधी कधीच लावलेलं नसे. तिने ढकलून पाहिलं तोच वहिनी दार उघडून बाहेर आली आणि दार पाठीमागे ओढून घेतलं. कपाळावर घाम, हातात रबरी मोजे.

‘‘आत फार वाफ झालीय वन्सं. अण्णा म्हणाले, थोडा वेळ कुणाला सोडू नकोस.’’

‘‘वाफेची मला काय नवलाई आहे?’’

‘‘तरी पण,’’ वहिनी म्हणाली. ती दारातून हलली नाही. बोलताना तिने मोज्यांचे हात मागे नेले होते. पण एका मोज्याच्या बोटांना पिवळं लागलेलं फौजदारने पाहिलं. साधा पिवळा नव्हता तो. डोळ्यांत घुसणारा, लिंबासारखा झगझगीत.

खोलीत परत येऊन तिने कडी लावली. इस्पितळात पाठवायच्या गठ्ठ्यातल्या एका चादरीचा कोपरा कापला. फाईलमध्ये दोन वर्षांपूर्वीच्या मालाची पट्टी चिकटवलेली होती, तीही सोडवली. बशीत हिराकस विरघळवली. हा लोखंडाचा क्षार, रंगारी काळा रंग आणायला वापरतात. सालीचा तुरटपणा कापडात असेल तर तिच्या पाण्याने तो काळा पडणारच. तिने दोन्ही तुकड्यांवर एकेक थेंब टाकला.

जुन्या पट्टीवरचा थेंब बघता बघता काळा झाला, शाई सांडल्यासारखा. नव्या तुकड्यावरचा जरासा करडा झाला आणि तिथेच थांबला. भोवतीचा पिवळा तसाच राहिला, कोरडा आणि निर्विकार.

म्हणजे साल होती, पण नावापुरती. रंग दुसऱ्या कशाचा होता.

तिने कुणाला न सांगता चादरीचा दुसरा कोपरा पाकिटात घातला, स्वतःच्या सहीने प्रयोगशाळेत पाठवला. अहवाल यायला आठ दिवस लागले. ते आठ दिवस ती घरात पाहुण्यासारखी वावरली. वहिनीने चहा दिला की कप खाली ठेवताना तिच्या हातांकडे बघायची. वहिनीने फोन घेतला की आवाज हळू झाला का ते ऐकायची. तिच्या लक्षात येत गेलं की वहिनी अण्णांची पाठ सोडतच नाही. ते रंगघरात गेले की ही मागोमाग. ते जेवायला बसले की ही शेजारी, पुढ्यात ताट सरकवून वाटी कुठे आहे ते हळूच सांगणार. केवढी साळसूद, फौजदारला वाटलं. म्हाताऱ्याला कसं मुठीत घेतलंय.

अहवाल आला. चौतीस टक्के.

तो घेऊन ती सरळ अण्णांकडे गेली. ते व्हरांड्यात उन्हाला पाठ करून बसले होते. तिने सगळं सांगितलं. सिस्टरांचा फोन, पोती, हिराकशीचा थेंब, पिवळा मोजा. अण्णांनी एकदाही मधे बोलून तिला थांबवलं नाही. कागद पुढे केला तो त्यांनी हातात घेतला, पण पाहिला नाही. घडी घालून परत दिला.

‘‘तिला काही बोलू नकोस,’’ ते म्हणाले.

‘‘का?’’

‘‘मी बघतो.’’

‘‘अण्णा, आजारी माणसं झोपतात त्या चादरींवर.’’

‘‘मी बघतो म्हटलं ना.’’ ते उठून आत गेले. उंबऱ्याला पाय अडखळला, तेव्हा त्यांनी चौकट धरली. फौजदारला तो राग वाटला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. आयुष्यात पहिल्यांदा तिने काहीतरी खरंखुरं पकडलं होतं आणि अण्णांनी तिच्याकडे पाठ फिरवली होती.

दुपारी वहिनी बाहेर गेलेली असताना तिने करायला नको होतं ते केलं. वहिनीचं कामाचं कपाट उघडलं. वजनकाटा, वह्या, कात्री, मोज्यांची जोडी. रंगाच्या पुड्या कुठेच नव्हत्या. खालच्या खणात मात्र जुन्या मालाचा अर्धा ताका होता, दोन वर्षांपूर्वीचा, आणि त्याच्या काठातून चार चौकोन नीट कापून काढलेले होते. चार अहवाल, चार चौकोन.

‘‘सापडलं?’’

वहिनी दारात उभी होती. पिशवी खांद्यावरून न उतरवता.

‘‘तुम्ही जुनं कापड पाठवत होता तपासणीला,’’ फौजदार म्हणाली. तिचा आवाज तिला स्वतःलाच उंच वाटला. ‘‘आणि इस्पितळाला पुडीचा रंग.’’

‘‘जुनं कापड मी पाठवलं. खरं आहे.’’

‘‘आणि पुड्या? त्या कुठे लपवल्यात?’’

वहिनीने पिशवी खाली ठेवली. ‘‘पुड्यांचं मला विचारू नका, वन्सं. मी शब्द दिलाय. उद्या सकाळी रंगघरात या. दार उघडं ठेवते. फक्त आत आल्यावर बोलू नका. कुणी आलंय असं कळू देऊ नका.’’

‘‘हा काय प्रकार आहे?’’

‘‘या म्हणजे कळेल.’’

फौजदारला त्या रात्री झोप लागली नाही. यातही काही डाव असेल, असं तिला वाटत राहिलं. मधल्या वेळात पुड्या हलवल्या जातील, अण्णांना काहीबाही सांगितलं जाईल. तरी सकाळी ती गेली. चपला बाहेर काढून हातात घेतल्या आणि दारालगत भिंतीला टेकून उभी राहिली.

खिडकीतून स्वच्छ ऊन आत पडलं होतं. अण्णा दुसऱ्या कढईपाशी उभे होते. त्यांनी वरच्या फळीवर हात फिरवला, तांदळाचा म्हणून ओळखीचा असलेला जुना डबा चाचपून काढला, झाकण उघडलं आणि चमच्याने काहीतरी कढईत घातलं. एक. दोन. चमच्यावरचा ढीग ते बोटाने सपाट करत होते. त्यांच्या बोटाला तोच लिंबासारखा पिवळा लागत होता. वहिनीने ओल्या फडक्याने त्यांचं बोट पुसलं, लहान मुलाचं पुसावं तसं.

मग अण्णांनी काठीवर कापड उचललं. खिडकीपाशी नेलं. उन्हात धरलं, जवळ आणलं, लांब नेलं, मान तिरकी केली. कापड हळदीसारखं पिवळंजर्द होतं, दारापासूनसुद्धा दिसत होतं.

‘‘आला का गं?’’ त्यांनी विचारलं.

‘‘आला अण्णा,’’ वहिनी म्हणाली.

फौजदारच्या हातातली चपलांची जोडी खाली पडली. अण्णा आवाजाच्या दिशेने वळले, पण त्यांची नजर तिच्या जरा बाजूला, दाराच्या फळीवर जाऊन थांबली.

‘‘कोण?’’

‘‘मी, अण्णा.’’

त्यांनी काठी कढईवर आडवी ठेवली. ‘‘फौजदार आली म्हणजे सुटका नाही,’’ ते म्हणाले. हसायचा प्रयत्न होता, जमला नाही.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. वर्षभर वाढत होता. सगळं मळकट काचेतून बघितल्यासारखं दिसे, आणि पिवळा तर दिसेचना. पांढरा कुठे संपतो आणि पिवळा कुठे सुरू होतो ते कळत नसे. तो परत आलेला गडद माल त्यामुळेच झाला होता. रंग चढत नाही असं वाटून त्यांनी साल वाढवत नेली, कापड पुन्हा पुन्हा बुडवलं. त्यानंतर त्यांचा स्वतःवरचा विश्वासच उडाला. शहरातल्या दुकानातून त्यांनी पुड्या आणल्या. थोडीशी साल, मोजून दोन चमचे पुडी, की दर वेळी तोच रंग. बघायची गरजच नाही.

‘‘सांगायचं तरी,’’ फौजदार म्हणाली.

‘‘काय सांगू? रंगाऱ्याला रंग दिसत नाही?’’ ते ओट्यावर बसले. ‘‘वाटलं, दोन महिने ढकलू. मग आणखी दोन. ऑपरेशनला गेलो तर सगळ्यांना कळेल, कधीपासून दिसत नव्हतं ते. मग मागचा माल कुणी डोळ्यांनी जोखला, हे विचारतील की नाही?’’

‘‘आणि तुम्ही?’’ फौजदार वहिनीकडे वळली. राग गेला नव्हता, फक्त आता कुठे ठेवायचा ते तिला कळत नव्हतं. ‘‘तुम्हाला तर माहीत होतं, पुडीच्या रंगाने जंतू मरत नाहीत.’’

‘‘होतं.’’

‘‘मग?’’

‘‘मला कळलं तेव्हा मी या घरात चार महिन्यांची होते. गिरणीतून आलेली. त्या वेळी मी म्हटलं असतं, अण्णा पुडी घालतात, तर तुम्ही काय म्हणाला असता, वन्सं?’’ वहिनीने उत्तराची वाट पाहिली नाही. ‘‘अण्णांनी शब्द घेतला. ऑपरेशन करून घेतो म्हणाले, तोवर थांब. पहिला जुना तुकडा मी एकदाच म्हणून पाठवला. दुसऱ्या वेळी तरी हात अडायला हवा होता माझा. पाठवला. मी चुकले नाही असं मी म्हणत नाहीये.’’

वहिनीने विचारलं होतं त्याचं खरं उत्तर फौजदारला माहीत होतं.

त्याच सकाळी तिने मोठ्या सिस्टरांना फोन लावला. अण्णा शेजारी बसले होते. तिने डोळ्यांचं सांगितलं, पुड्यांचं सांगितलं, खोट्या नमुन्यांचं सांगितलं. हे शेवटचं सांगताना वहिनी समोर उभी होती आणि तिने मान हलवली, सांगा म्हणून.

‘‘सहा महिन्यांत तीन रोग्यांच्या जखमा चिघळल्या,’’ सिस्टर म्हणाल्या. ‘‘तुमच्या चादरींमुळे, असं मी म्हणणार नाही. तुमच्या चादरींमुळे नाही, असंही म्हणणार नाही. मला माहीत नाही. तुम्हालाही कधी कळणार नाही.’’

अण्णांनी फोनमधला तो आवाज ऐकला. त्यांनी चेहऱ्यावर हात ठेवला आणि फोन संपल्यावरही काढला नाही.

दादाने दोन फेऱ्यांत सगळ्या चादरी परत आणल्या. हे सगळं आपल्या बायकोला आणि बापाला माहीत होतं आणि आपल्याला नाही, यावरून तो आठवडाभर कुणाशी धड बोलला नाही. इस्पितळाने काम बंद केलं. पुन्हा घ्यायचं का ते तीन माल तपासून ठरवू, आणि नमुना आमचा माणूस येऊन कापेल, असं पत्र आलं. उरलेल्या पुड्या फौजदारने स्वतः दुकानात नेऊन परत केल्या. अण्णांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, महिन्याने दुसऱ्याचं.

मधल्या काळात रंगघर वहिनीने चालवलं. साल पोत्यागणिक तोलायची, प्रत्येक पोत्यातली मूठभर आधी उकळून बघायची, मग ठरवायचं किती लागेल. रंग पुन्हा इकडे तिकडे व्हायला लागला, कधी मधासारखा, कधी वाळक्या गवतासारखा. फौजदार प्रत्येक ताक्याच्या तीन ठिकाणी हिराकशीचा थेंब टाकायची. वहिनीच्या समोर. पहिल्यांदा टाकताना तिला ओशाळल्यासारखं झालं, पण तिने टाकला. वहिनीने फक्त विचारलं, ‘‘चौथ्या ठिकाणी नको का?’’ यात टोमणा होता की नव्हता, ते फौजदारला कळलं नाही. तिने चौथ्या ठिकाणीही टाकला.

पहिला माल तयार झाला तेव्हा नमुना कापायला मोठ्या सिस्टर स्वतःच आल्या. ठेंगण्या, पांढऱ्या केसांच्या, हातात स्वतःची कात्री. त्यांनी चहा नको म्हटलं. रंगघर पाहिलं, फळीवरचा प्रत्येक डबा उघडून पाहिला, कोठारातली पोती मोजली. अण्णा काळा चष्मा लावून कोपऱ्यात उभे होते, बोलावल्याशिवाय पुढे आले नाहीत. फौजदारने ताका टेबलावर ठेवला आणि वरची दोन वेटोळी उलगडून दिली.

‘‘वरचं नको,’’ सिस्टर म्हणाल्या. ‘‘आतलं काढा.’’

तिने आतलं काढून दिलं. सिस्टरांनी तिच्या हातांकडे पाहिलं, मग चेहऱ्याकडे, मग पुन्हा हातांकडे. फौजदारच्या मानेवर घाम आला. लपवण्यासारखं काही नव्हतं, तरी आपण काहीतरी लपवतोय असं तिला वाटायला लागलं आणि हात कुठे ठेवावेत ते कळेना. तिने नजर वर केली तर टेबलापलीकडे वहिनी तिच्याकडेच बघत होती. ताक्याचं दुसरं टोक वहिनीने दोन्ही हातांनी धरलं, आणि सिस्टरांना नीट कापता यावं म्हणून दोघींनी कापड ताणून धरलं.

दहा दिवसांनी अहवाल आला. सत्त्याऐंशी. सिस्टरांनी अर्धं काम परत दिलं, उरलेल्या अर्ध्याचं पुढच्या दोन मालांनंतर बघू म्हणाल्या. दादाने बातमी आणली तेव्हा अण्णा वाळवणाच्या तारांखाली उभे होते. ऑपरेशननंतर ते रोज तिथे उभे राहत, हात न लावता.

‘‘किती प्रकारचा पिवळा झालाय हा,’’ ते म्हणाले. ‘‘तिसऱ्या तारेवरचा कच्चा राहिलाय जरा.’’

वहिनी आणि फौजदार दोघी तिसऱ्या तारेकडे गेल्या. कापड उतरवलं, आणि फौजदार हिराकशीची बशी आणायला आत वळली.